सीना गेला म्हणून आखाडा ओस पडत नाही

डिसेंबरात डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकेतल्या कुस्ती कंपनीच्या जॉन सीनाची शेवटची कुस्ती झाली आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लातूरच्या भाच्यानं लिहिलं, "मामा, आता डब्ल्यूडब्ल्यूईत बघायला राहिलं कोण? तसा गडी पुन्हा होणं नाही." लगेच दाजींचं उत्तर, "आधीच ठरलेल्या कुस्तीला कसला आलाय पैलवान? खरे मल्ल आपल्या मातीत." खाली सगळ्यांचे अंगठे. मी काहीच लिहिलं नाही, पण आठवडाभर ती दोन वाक्यं डोक्यातून जाईनात.

बाळा, 13 डिसेंबर 2025 ला वॉशिंग्टनमध्ये सीनानं हात आपटून हार मानली, ती कुणापुढे? गुंथर, ऑस्ट्रियाचा गडी. युरोपातल्या लहान लहान हॉलांत वर्षानुवर्षं खेळून वर आलेला. दुसरा गडी ओबा फेमी, नायजेरियातल्या लागोसहून अमेरिकेत शिकायला आला, अलाबामाच्या विद्यापीठाकडून गोळा फेकत होता, आज लोक त्याच्या नावानं ओरडतात. तुम्ही जाणाऱ्याची पाठ बघत बसलात, म्हणून येणारा दिसत नाही.

आणि दाजी, निकाल ठरलेला असतो, मान्य. लोकांचं मन मात्र कुणाला ठरवून मिळत नाही. रॉक, म्हणजे आजचा सिनेनट ड्वेन जॉन्सन, 1996 मध्ये 'रॉकी' नावानं हसतमुख, गुणी पोरगा म्हणून उतरवला गेला. काही महिन्यांत लोक 'मर रॉकी' म्हणून ओरडायला लागले. तो खलनायक झाला, माईकवर मनाचं बोलला, तेव्हा कुठं रॉक झाला. रोमन रेन्सला कंपनीनं वर्षानुवर्षं पुढं रेटलं आणि लोकांनी तितकीच वर्षं हुर्यो उडवली. 2020 मध्ये तोही खलनायक झाला, मग लोक वळले. खऱ्या निकालाचंच म्हणाल, तर 2025 ला अहिल्यानगरात महाराष्ट्र केसरीत निकालावरून पंचांना लाथ बसली, तेव्हा आपल्या ग्रुपवर पंचांना सगळ्यात जास्त शिव्या कुणी घातल्या?

मला काळजी आहे ती वेगळ्या गोष्टीची. पूर्वी इथं अमेरिकेत प्रत्येक भागाची आपापली कुस्ती कंपनी असायची. पैलवान आज या गावात, उद्या त्या गावात, रोज वेगळ्या लोकांपुढं हरत-जिंकत शिकायचा. 1980 च्या दशकात आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईनं देशभर हातपाय पसरले आणि त्या सगळ्या मोडल्या. 2013 पासून ऑर्लँडोत तिचं मोठं प्रशिक्षण केंद्र आहे, यंत्रं आहेत, डॉक्टर आहेत. पण अंगावर येणारी गर्दी तिथं कुठून आणणार?

ती गर्दी मी न्यू जर्सीतल्या चेरी हिलजवळ, अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये बघितली. माणसं शंभरसुद्धा नसतील. ज्या पोरानं दुपारी रिंगच्या फळ्या ठोकल्या, तोच रात्री लढला. पहिल्या रांगेतून मला त्याच्या छातीवर उमटलेली पाच बोटं मोजता येत होती. हरल्यावर तोच दाराजवळ टेबल मांडून टी-शर्ट विकायला बसला. माझ्या लेकानं एक घेतला. सही करताना पोराचा हात थरथरत होता.

मला आमच्या जत्रेतल्या रेवड्यांवरच्या कुस्त्या आठवल्या. हलगी कडकडतेय, लंगोट सावरत लेकरं मातीत उतरतायत, चितपट झालेला रडत रडत आईकडं पळतोय. पैलवान तिथंच घडायला लागतो. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार 1969 ला महाराष्ट्र केसरी झाले. त्यांचाच पठ्ठा, पाटोद्याचा राहुल आवारे, 2018 ला राष्ट्रकुलात सुवर्ण आणि 2019 ला जागतिक स्पर्धेत कांस्य घेऊन आला. पण दाजी, तो तयार कुठं झाला? पुण्याच्या तालमीत. आपली माती पोरं जन्माला घालते, मॅट, खुराक आणि वस्तादासाठी त्यांना पुणं नाहीतर कोल्हापूर गाठावं लागतं. मग 'आपल्या मातीत' म्हणून अंगठे कशाला?

गेलेल्याबद्दल कुणी असं बोललं की मला लागतं. का, ते मला 7 एप्रिल 2024 च्या रात्री कळलं. फिलाडेल्फियाचं स्टेडियम, अंगात जॅकेट असूनही गारठा, आणि कोडी ऱ्होड्सनं रेन्सला हरवलं. कोडी 2016 मध्ये कंपनी सोडून गेला होता. लहान हॉलांतून, परक्या रिंगांतून नाव कमावलं आणि 2022 मध्ये परतला. त्याच्या पैलवान वडिलांना, डस्टी ऱ्होड्सना, डब्ल्यूडब्ल्यूईचा हा किताब कधीच मिळाला नाही. पोरानं तो घेतला. लेकाला वाटलं मी आनंदानं रडतोय.

कोडी सहा वर्षांनी परत आला. मला गाव सोडून एकोणीस झाली.

दरवर्षी शेवटच्या कुस्तीच्या इनामासाठी मी पैसे पाठवतो. गेल्या जत्रेत दाजींनी फडाचा व्हिडिओ टाकला. लाउडस्पीकरवर माझं नाव आलं, पुढं 'अमेरिकेचे पाहुणे'. मी तो तुकडा तीनदा ऐकला. ज्या फडात मी रेवड्या जिंकल्या, त्या फडात मी पाहुणा. यंदा पैसे पाठवताना दाजींना सांगितलंय, पावतीवर माझ्या नावापुढं गावाचं नाव घाला, आणि पुकारणाऱ्याला तेच वाचायला लावा.