दोन स्वेटर घालून धावा म्हणे!

निफाडचा पारा घसरल्याची बातमी आली की एक मेसेज पुन्हा फिरायला लागतो. त्यातला सल्ला असा: थंडीत धावणाऱ्यांनी दोन स्वेटर आणि वर जर्किन चढवावं, घाम निथळला की ऊबही टिकते आणि चरबीही जळते. निम्मी उष्णता डोक्यातून जाते, तेव्हा माकडटोपी हवीच. गार हवेने फुप्फुसं आखडतात. सूर्य उगवताच निघावं, तोवर गारठा ओसरलेला असतो. आणि फारच थंडी वाजली तर घोटभर ब्रँडी. खाली हात जोडलेले इमोजी, डॉक्टरांचं नाव मात्र नाही.

आधी स्वेटरचं बघू, कारण सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथेच. धावताना खर्च होणाऱ्या ऊर्जेतला जेमतेम पाव हिस्सा प्रत्यक्ष कामी येतो, बाकीची उष्णता होते. ६० किलोचा माणूस ताशी १० किलोमीटरने तासभर धावला तर साधारण ६०० किलोकॅलरी खर्चतो. त्यातल्या साडेचारशे निव्वळ उष्णता, म्हणजे पाचशे वॉटचा हीटर पोटाशी बांधून पळण्यासारखंच. त्यावर दोन स्वेटर! पहिला किलोमीटर छान जातो, तिसऱ्यापर्यंत आतला सुती बनियन पाठीला चिकटतो. पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता ओढतं, त्यामुळे वेग कमी झाला किंवा सिग्नलला थांबलात की त्याच ओल्या बनियनमुळे हुडहुडी भरते. म्हणजे ऊब टिकवायला काढलेला घामच शेवटी गारठवतो. चरबीचं म्हणाल तर घामाचा तिच्याशी संबंध नाही. काट्यावर वजन घटलेलं दिसतं ते पाण्याचं, दोन-तीन ग्लास प्यायलात की परत जागेवर.

घराबाहेर पडताना थोडं काकडायला झालं तर कपडे बरोबर आहेत असं समजा. पुण्यातल्या १०-१२ अंशांना अंगालगत पॉलिस्टरचा पातळ टीशर्ट आणि वर चेन खाली ओढता येईल असं पातळ विंडचीटर पुरतं. वारा असेल तर जाताना तो तोंडावर घ्या आणि येताना पाठीवर. घामेजल्यावर समोरून वारा नको.

डोक्याच्या गोष्टीला इतिहास आहे. १९५०च्या दशकात अमेरिकी सैन्याने काही जणांना ध्रुवीय थंडीसाठीचे पोशाख चढवून गारठ्यात ठेवलं. उघडं राहिलं होतं फक्त डोकं, मग उष्णता जाणार कुठून? १९७०च्या सैनिकी पुस्तिकेत त्यातून ४०-४५ टक्क्यांचा आकडा आला आणि तो अजून फिरतोय. डोकं म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचा फार तर दहावा हिस्सा, उष्णताही साधारण तेवढीच जाते. कान झोंबतात म्हणून कानपट्टी जरूर घाला. माकडटोपी मात्र श्वासाने तोंडापाशी ओली होते आणि मग तीच बोचते. त्यापेक्षा हातमोजे कामाचे. गारठ्यात शरीर आतली ऊब राखायला बोटांचा रक्तपुरवठा आवळतं, म्हणून बोटं आधी बधिर होतात. शिवाय गरम झालं की मोजे काढून खिशात टाकता येतात, स्वेटर कुठे टाकणार?

फुप्फुसं काही आखडत नाहीत. नाक, घसा आणि श्वासनलिका हवा वाटेतच गरम आणि दमट करतात. बर्फावरच्या लांब पल्ल्याच्या स्की शर्यती उणे २० अंशांच्या खाली पारा गेला की पुढे ढकलतात, आपल्याकडची थंडी त्याच्या आसपासही नाही. दम्याच्या लोकांना मात्र कोरड्या गार हवेने खोकला येतो, छाती आवळते. त्यांनी नाकातोंडावर पातळ कापड घ्यावं आणि धावण्याआधी इन्हेलर घ्यायचा का, हे आपल्या डॉक्टरांना विचारावं. खरी भीती धुराची. थंड पहाटे हवा स्तब्ध असते, गार थर जमिनीलगत बसून राहतो आणि कोपऱ्याकोपऱ्यावरच्या शेकोट्यांचा धूर तिथेच कोंडतो. त्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही.

वेळेचा सल्ला तर चक्क उलटा आहे. रात्रभर जमीन उष्णता सोडत राहते, त्यामुळे पारा सगळ्यात खाली असतो तो सूर्योदयाच्या सुमारासच. ऊब हवी असेल तर त्यानंतर तास-दीड तासाने निघा, धुराचा थरही तोवर उठायला लागतो. ज्यांना नऊला ऑफिस गाठायचंय त्यांनी अंधारातच पळावं, धूर नसेल तर काही बिघडत नाही.

ब्रँडीने कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुगतात, अंग गरम वाटतं आणि आतली उष्णता जास्त वेगाने बाहेर जाते. पुढचा मुद्दा.

पुढचा मुद्दा मेसेजमध्ये नाहीच, आणि तोच हवा होता. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, हृदयावर ताण येतो. बीपी किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच थंडीत धावायला निघावं, आणि बाकीच्यांनीही पहिली दहा मिनिटं चालावं. धावणं संपल्यावर टपरीवर घोळका करून गप्पा मारत उभं राहतो, तेव्हा तर फार सांभाळायला हवं. तोवर शरीराची उष्णता निर्मिती झपाट्याने उतरलेली असते आणि टीशर्ट तसाच ओला असतो. कोरडा टीशर्ट गाडीच्या डिकीत ठेवा. आधी तो बदला, मग चहा सांगा.