पुस्तकं चांगली, क्रम उलटा

कुत्रा शिकवण्याच्या पुस्तकांवरच्या तुमच्या लेखातल्या यादीत ‘मालक कोण ते दाखवा’ छापाची पुस्तकं वर आणि कॅरेन प्रायर यांचं ‘डोन्ट शूट द डॉग’ (1984) तळाला. उलटं हवं होतं. कळपात दरारा बसवणारा एक म्होरक्या असतो अन् मालकानं तसं व्हावं, ही कल्पना बंदिस्त लांडग्यांवरून आली. ती पसरवण्यात ज्यांच्या पुस्तकाचा मोठा हात, त्या लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनीच 1999 मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप अन् त्यांची पिल्लं.

प्रायर मुळात डॉल्फिन शिकवायच्या. पाण्यातल्या जनावराला ना दावं लावता येतं ना काठी दाखवता येते, म्हणून हवं ते केलं की त्याच क्षणी आवाजाची खूण आणि लगेच खाऊ, ही त्यांची पद्धत. ती गावठी कुत्र्यालाही चालते. त्यासाठी क्लिकर (दाबलं की ‘टिक्’ वाजणारी डबी) नको, जिभेनं ‘टॉक’ करा आणि लगेच उकडलेल्या अंड्याचा हरभऱ्याएवढा तुकडा द्या. आवाज नेमका कृतीच्या क्षणी हवा. बसून उठल्यावर दिलात तर तो उठणंच शिकतो.

बकऱ्यांमागं धावणाऱ्याला 15 फुटी सुती दोर लावा. बकरी दिसली आणि त्यानं मान वळवून तुमच्याकडं पाहिलं की टॉक. दोर ताणला म्हणजे बकरीपासूनचं अंतर कमी पडलं. चांगलं वीस पावलं मागं या.

भुंकतो म्हणून भाकर टाकायची, हा आपल्याकडचा खरा घोळ. भाकर बंद केली की भुंकणं आधी वाढतं. तेव्हाच वैतागून टाकली, तर जोरात भुंकलं की मिळतं हे पक्कं होतं. जागलीच्या कुत्र्याला मात्र गप्प करू नका, रोही (नीलगाय) अन् डुकरं आल्याचं तोच सांगतो. उन्हाळ्यात सराव सकाळी आठच्या आत उरका.