'स्टेशन' हा 'स्थान'वरून आलेला नाहीये, मंडळी

ग्रुपाग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय. म्हणे इंग्रजीतला 'स्टेशन' म्हणजे आपलंच 'स्थान', इंग्रज इथे आले, त्यांनी तो ऐकला, उचलला आणि रेल्वेबरोबर आपल्यालाच परत दिला, स्टँड, स्टेट, स्टेटस पण तसेच, कारण संस्कृत ही सगळ्या भाषांची आई. संस्कृतवर माझं मनापासून प्रेम आहे, म्हणूनच तिच्या नावावर असलं काही खपवलेलं बघवत नाही. एकेक मुद्दा घेऊ.

"इंग्रजांनी इथे येऊन उचलला." अहो, तारखाच जुळत नाहीत! शब्द इंग्रजीत चौदाव्या शतकात होता आणि ईस्ट इंडिया कंपनी निघाली १६०० साली. तो जुन्या फ्रेंचमधून आला, फ्रेंचमध्ये लॅटिन 'स्तातिओ'वरून, आणि त्याच्या मुळाशी 'स्तारे' म्हणजे उभं राहणं. रोमन सैन्याची पहाऱ्याची चौकी म्हणजे स्तातिओ. पुढे इंग्रजीत माणसाची समाजातली पायरी, जहाजाला नेमून दिलेली जागा, सगळ्याला स्टेशनच म्हणायचे, रेल्वेचा अर्थ तर १८३० च्या आसपासचा. आणि मध्ययुगात युनिव्हर्सिटीजवळ फिरत न विकता एका जागी दुकान मांडून बसणारा पुस्तकविक्रेता तो 'स्टेशनर', त्याच्याकडचा माल ती स्टेशनरी, म्हणजे अप्पा बळवंत चौकात आपण वह्या-पेनं घेतो तो शब्दही याच घरातला.

"पण सारखे दिसतात ना?" दिसतात, आणि नातं आहेच, फक्त ते बहिणींचं आहे, आई-मुलीचं नाही. उभं राहण्याचा तोच धातू, संस्कृतमधला 'स्था', ग्रीकमध्ये आहे, रशियनमध्ये आहे, लिथुआनियनमध्ये आहे, आणि 'स्टँड' तर लॅटिनमधूनही आलेला नाही, तो इंग्रजीचा स्वतःचा जर्मन कुळातला. नीट बघितलं तर 'स्टेशन'ची जोडी 'स्थान'शी लागतच नाही, प्रत्यय वेगळा आहे. 'स्तातिओ'मधला 'ति' म्हणजे आपल्या 'स्थिति'मधला 'ति'. ग्रीकमध्ये त्याचंच 'स्टासिस' झालं, आणि आजच्या ग्रीकमध्ये 'स्टासी' म्हणजे बसस्टॉप! 'स्थान'ची खरी जुळी बहीण हवी असेल तर ती फारसीतली 'स्तान', हिंदुस्तानातली.

"आई नसेल तर मग इतकं साम्य कुठून?" इथे सगळ्यात भारी पुरावा संस्कृतच देते. शाळेत 'कृ'चं परोक्ष भूतकाळाचं रूप पाठ केलेलं आठवतंय? चकार. द्विरुक्ती करायची, म्हणजे पहिलं अक्षर दोनदा घ्यायचं, तर 'ककार' व्हायला हवं होतं, पहिल्या क चा च का झाला? कारण त्या च नंतरचा स्वर एकेकाळी 'ए'सारखा होता, त्याने क ला च करून टाकलं, आणि नंतर संस्कृतमध्ये तसले ए आणि ओ दोन्ही 'अ'मध्ये मिसळून गेले. ग्रीकने तो ए अशा द्विरुक्तीच्या रूपांत जपलाय, 'लेलोइपा' (मी सोडलंय) वगैरे, लॅटिनमध्येही 'अस्ति'चं 'एस्ट' आहे. आता जो स्वर संस्कृतने हरवला तो लॅटिन-ग्रीकला संस्कृतकडून कसा मिळणार? म्हणजे तिघींच्या आधीची, आज न उरलेली एक भाषा होती. संस्कृत शिकलेले इंग्रज न्यायाधीश विल्यम जोन्स १७८६ मध्ये कलकत्त्यात हेच म्हणाले होते की या भाषांचा उगम एकच आहे आणि तो आता कदाचित शिल्लक नाही. फॉरवर्डवाले नाव त्यांचंच घेतात आणि नेमकं हे वाक्य गाळतात, याचा मला खरंच राग येतो.

उसना घेतलेला शब्द वाटेत खुणा ठेवतो. शर्करा फारसी, अरबी, लॅटिन, फ्रेंच असं फिरत इंग्रजीत शुगर झाली, आपलं मुंगूस मराठीतूनच तिकडे गेलं. 'स्टेशन'च्या वाटेवर भारत लागतच नाही.

"हे म्हणजे संस्कृतला कमी लेखणं." अजिबात नाही. शब्द धातू आणि प्रत्ययांत कसा फोडायचा हे युरोपातले लोक पाणिनीच्या परंपरेतून शिकले. आणि संस्कृत आई आहेच की, आपली! रा. गो. भांडारकरांनी १८७७ मध्ये मुंबईत व्याख्यानं देऊन संस्कृतपासून प्राकृत आणि त्यातून आजच्या भाषा कशा झाल्या ते मांडलं होतं. 'स्था'चा 'ठा' होतो, म्हणून ठाव, ठाणं, आणि 'उत्थान'च्या घरातलं आपलं उठणं. कोकणातल्या शिलाहार राजांच्या लेखांतलं श्रीस्थानक ते आजचं ठाणे. फॉरवर्ड करायचंच असेल तर हे करा: १८५३ मध्ये बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला पोचली, तेव्हापासून 'ठाणे स्टेशन' या नावात एकाच धातूचे दोन शब्द शेजारी बसलेत, एक संस्कृतमधून आलेला आणि एक लॅटिनमधून.