अडीच तास आधी जाणाऱ्या बाईचं निवेदन

आमच्या घरात विमानप्रवासावरून दोन पक्ष आहेत. नवऱ्याचा पक्ष म्हणतो, देशातल्या देशात जायचं तर तासभर आधी पोचलं की पुष्कळ झालं, लवकर जाऊन तिथे काय माशा मारायच्या? माझा पक्ष (सदस्यसंख्या एक) अडीच तास आधी जातो आणि तिथे खुशाल माशा मारतो. परवा नणंदेने फोनवर विचारलं, "वहिनी, महिन्यातून दोनदा दिल्ली-चेन्नई करता, वैताग नाही येत?" तिला उत्तर देता देता दूध उतू गेलं. म्हणून आता बसून सविस्तर लिहितेय, म्हणजे पुढच्या वेळी लिंक पाठवता येईल.

माझं म्हणणं एवढंच आहे की विमानप्रवासाचा त्रास विमानात होत नाही. तो पुण्याच्या नगर रोडवर होतो. विमानात बसल्यावर तुमच्या हातात काहीच नसतं, त्यामुळे चिंताही नसते. चिंता असते ती घरापासून, म्हणजे कोथरूडहून, लोहगावच्या विमानतळापर्यंत. मॅप पन्नास मिनिटं दाखवतो आणि तो खोटं बोलत नाही, फक्त पुढच्या दहा मिनिटांत येरवड्याला काय होणार हे त्यालाही ठाऊक नसतं.

चार वर्षांपूर्वी जुलैमधल्या एका संध्याकाळी गुंजन चौकात माझी कॅब अशी अडकली, की शेजारच्या रिक्षातल्या माणसाशी माझी चांगली ओळख झाली. पाऊस कोसळत होता, वायपर काच पुसत होता आणि मी दर अर्ध्या मिनिटाने घड्याळ बघत होते. वेब चेक-इन करून ठेवलं होतं, त्यामुळे वाटलं, पोचू कसंबसं. पण एक बॅग काउंटरवर द्यायची होती. काउंटरशी धापा टाकत पोचले तेव्हा उड्डाणाला छप्पन्न मिनिटं होती. बॅग घेणं साठ मिनिटं आधी बंद होतं. तिथली मुलगी शांतपणे म्हणाली, "मॅम, आता सिस्टीमच घेत नाही." चार मिनिटं! बॅग द्यायची नसती तर मी धावत गेटपर्यंत गेले असते, कारण गेट बंद व्हायला अजून अर्धा तास होता. नवं तिकीट साडेनऊ हजारांना पडलं. नवऱ्याच्या "तासभर आधी" या सिद्धान्ताची किंमत तेव्हा आमच्या घरात रुपयांत मोजली गेली. तरी पक्ष काही विसर्जित झाला नाही.

आता दिवसाचं विमान असेल तर मी सरळ मेट्रो धरते. वनाझहून रामवाडीपर्यंत एकच मार्ग आहे, मध्ये गाडी बदलायची भानगड नाही. मार्च २०२४ मध्ये रूबी हॉलच्या पुढचा टप्पा सुरू झाला आणि माझं आयुष्य बदललं, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण थोडीच. खाली नगर रोडवर गाड्यांची रांग लागलेली दिसते आणि आपण वरून जातो, यात एक खास पुणेरी समाधान आहे. रामवाडीहून पुढे रिक्षा. पहाटेच्या विमानाला हे जमत नाही, कारण मेट्रो सहाला सुरू होते. पण पहाटे चारला नगर रोडसुद्धा सज्जन असतो.

लवकर जाऊन करायचं काय? बसायचं. १४ जुलै २०२४ पासून नवीन टर्मिनल सुरू झालंय, आता बसायला जागा मिळते. जुन्यात चार्जिंगच्या खांबाला टेकून जमिनीवर बसलेली माणसं आठवत असतील तर तुम्हाला या वाक्याचं मोल कळेल. माझ्याकडे रिकामी बाटली असते, ती तपासणीनंतर आत भरून घेते. डब्यात पोळी आणि बटाट्याची कोरडी भाजी. लोक बघतात. बघू देत. त्यांच्या हातात जे सँडविच असतं त्याच्या किमतीत माझी तीन दिवसांची भाजी येते. वर भाजीला चव असते.

सामानाबद्दल माझं मत ठाम आहे: सात किलोंत बसेल तेवढंच न्यायचं, खालची बॅग शक्यतो द्यायचीच नाही. तीन दिवसांसाठी पाच साड्या लागत नाहीत. (हे वाक्य मी स्वतःलासुद्धा सांगतेय.) फोन, लॅपटॉप आणि पॉवर बँक बाहेरच्या एकाच कप्प्यात. ट्रे समोर आला की एका हाताने तिन्ही बाहेर. मागच्या रांगेचे शिव्याशाप वाचतात आणि दुसऱ्या टोकाला फोन विसरण्याची भीती राहत नाही. घड्याळ, कंबरपट्टा, सुटी नाणी हे सगळं रांगेत उभं असतानाच बॅगेत टाकायचं, तपासणीच्या दारात उभं राहून खिसे चाचपायचे नाहीत.

खालची बॅग द्यावीच लागली तर दोन गोष्टी तिच्यात चुकूनही ठेवू नका. एक पॉवर बँक. लिथियमच्या बॅटरीने पेट घेतलाच तर वर केबिनमध्ये तो दिसतो, विझवता येतो. खाली पोटात कोण बघणार? म्हणून ती सोबतच न्यायची, आणि तीही शंभर वॉट-अवरपर्यंतची, म्हणजे साधारण सत्तावीस हजार एमएएच. आणि दुसरी गोष्ट खोबरं! हे मला आमच्या भाचीच्या डोहाळजेवणाने शिकवलं. आईने ओटीचं सगळं सामान बांधून दिलं होतं. तांदूळ, हळकुंड, सुपारी, खण आणि खोबऱ्याच्या दोन वाट्या. बॅग पट्ट्यावरून आत गेली आणि पाचच मिनिटांत माझ्या नावाचा पुकारा. आतल्या खोलीत अधिकाऱ्यांनी बॅग उघडायला लावली आणि साड्यांच्या घडीतून अचूक त्या दोन वाट्या काढल्या. मी म्हटलं, अहो, ओटीचं आहे. ते म्हणाले, "मॅडम, सुकं खोबरं चालत नाही, पेटतं." मला वाटलं थट्टा करताहेत. पण खरंच आहे ते. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर असतं, ते आतल्या आत तापतं आणि साठा मोठा असला तर आपोआप पेटूही शकतं, म्हणून जगभर ते धोकादायक मालाच्या यादीत आहे. भाचीची ओटी बंगळुरूच्या दुकानातल्या वाटीने भरली. आईला अजून पटलेलं नाही. ती म्हणते, आपल्या माळ्यावर पन्नास वर्षं खोबरं आहे, कधी पेटलं नाही.

लोणच्याची बरणी खाली द्यायला हरकत नाही, पण काठोकाठ घट्ट झाकण लावलं म्हणून निर्धास्त राहू नका. याचं कारण कळसूबाई.

सांगते. विमान पस्तीस हजार फुटांवर असलं तरी आतली हवा दाबून सहा ते आठ हजार फुटांवरच्या डोंगरासारखी ठेवतात. कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे साधारण ५४०० फूट. म्हणजे आपण विमानात बसलो की अर्ध्या तासात महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच शिखराच्याही वर जाऊन बसतो, पायाला घाम न येता. वर हवेचा दाब कमी, म्हणून बरणीतली हवा फुगते आणि तेलाला झाकणाबाहेर ढकलते. वेफर्सचं पाकीट उशीसारखं टम्म होतं ते त्याचमुळे. आणि पोट फुगतं तेही त्याचमुळे, तेव्हा विमानात बसण्याआधी मिसळ खाणाऱ्यांनी शेजाऱ्याचा विचार करावा.

हे सगळं मला आईमुळे नीट समजलं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ती पहिल्यांदा विमानात बसली, गेल्या वर्षी. तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवली होती. आईने खुर्ची पाहिली आणि विमानतळाच्या दारातच बाणा दाखवला, "मी काय लुळी आहे का?" मग खुर्ची ढकलणारा मुलगा साताऱ्याचा निघाला. आईचं माहेर साताऱ्याचं. पुढचा सगळा प्रश्न त्या दोघांनी परस्पर सोडवला, मी पिशव्या घेऊन मागून चालत होते. वयस्कर माणसं बरोबर असतील तर खुर्ची मागाच, त्यांना चालता येत असलं तरी. प्रश्न पायांचा नसतो, रांगेत उभं राहण्याचा असतो.

आईला खिडकी दिली. लोहगाव हवाई दलाचा तळ असल्यामुळे इथे उतरता-चढताना फोटो काढायला मनाई आहे, तशी घोषणा झाली. आई म्हणाली, बरं झालं, नाहीतर तू सारखी फोन धरून बसली असतीस. विमान खाली यायला लागलं तसे तिचे कान दुखू लागले. यावर माझा उपाय आवळासुपारी. चघळत राहायचं आणि गिळत राहायचं, गिळताना कानाच्या आतली नळी उघडते आणि दाब सारखा होतो. उतरताना झोपू नका, झोपेत माणूस कमी गिळतो. तान्ह्या बाळाला त्या वेळी पाजायला घ्यावं, ते आपोआप जमतं. सर्दीने कान-नाक गच्च असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, हा माझा अनुभवाचा सल्ला आहे. एकदा न विचारता गेले आणि दोन दिवस सगळे लोक विहिरीतून बोलताहेत असं ऐकू येत होतं.

दिल्लीला उतरल्यावर आईने पर्समधून पाण्याची रिकामी बाटली काढली. ती पार चेपून बसली होती. "ही कुणी चेपली?" वर असताना तिने पाणी संपवून झाकण घट्ट लावलं होतं, खाली आल्यावर बाहेरच्या हवेने ती दाबली. मी समजावून सांगितलं. आईने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग खोबरं कसं पेटतं?"

जागेबद्दल लोकांचे वाद चालतात. माझं सोपं आहे. विमान हललं की पोटात गोळा येत असेल तर पंखांजवळ बसा, सी-सॉच्या मधल्या भागासारखी ती जागा सगळ्यात कमी हलते. सकाळी दिल्लीला जाताना डावी बाजू घ्या, नाहीतर तिकडे जाईपर्यंत ऊन उजव्या गालावर. मला स्वतःला कडेची जागा आवडते, कुणाच्या गुडघ्यांवरून उड्या मारत जावं लागत नाही. मधल्या जागेवरच्या माणसाला दोन्ही हात ठेवायला मिळालेच पाहिजेत, यावर मी कुणाशीही भांडायला तयार आहे. त्या बिचाऱ्याला ना खिडकी ना वाट. आणि दोन-सव्वादोन तासांच्या प्रवासात पुढच्याने पाठ मागे टाकून माझा चहा माझ्याच मांडीवर सांडवू नये.

उशिराचं म्हणाल तर शक्य तेव्हा दिवसातलं पहिलं विमान. एकच विमान दिवसभर फेऱ्या मारत असतं, सकाळचा उशीर संध्याकाळपर्यंत वाढत जातो. अपवाद डिसेंबर-जानेवारीत दिल्ली. तिथल्या धुक्यात पहाटेचंच विमान अडकतं, तेव्हा दुपारचं घ्यावं. दोन तासांच्या वर रखडवलं तर कंपनीने खायला-प्यायला द्यायला हवं, सहा तासांच्या वर गेलं तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत. नियम आहे, मागितल्याशिवाय मात्र कुणी आठवण करून देत नाही. एकदा एका कंपनीने (नाव घेत नाही) मला चेन्नईला आणि माझ्या बॅगेला भलतीकडेच पोचवलं होतं. तेव्हापासून एक कपड्यांचा जोड आणि गोळ्या सोबतच्या पिशवीत.

उतरल्यावर दिवे लागले की उभे राहणाऱ्यांबद्दल मी काही बोलणार नाही. मान वाकडी करून, डोक्यावर बॅग धरून, दार उघडायची वाट बघत दहा मिनिटं. पट्ट्यावर शेवटी आपण सगळे एकाच वेळी भेटतो.

गुरुवारी पहाटे सहाचं दिल्ली आहे. नवऱ्याने कॅबवाल्याला साडेचारला यायला सांगितलंय. मी त्याच्या नकळत फोन करून सव्वातीन केलंय.