बाराच्या ठोक्याला शून्य

डॉक्टरांनी माझे रिपोर्ट उलटसुलट करून पाहिले, चष्मा काढला आणि म्हणाले, "औषध काही देत नाही. फोन आहे ना तुमच्याकडे?"

मला वाटलं, फी फोनवरून भरायला सांगताहेत. मी लगबगीने खिशात हात घातला.

"त्यातच सगळं असतं," ते म्हणाले. "पावलं मोजा, झोपेवर लक्ष ठेवा, स्क्रीनवर किती वेळ जातो ते बघा. महिन्याने या."

आजवर ज्याने ज्याने मला फोनबद्दल काही सांगितलं, त्याने तो खाली ठेवायलाच सांगितलं होतं. तब्येतीसाठी हातात घ्या म्हणणारा हा पहिलाच भला माणूस. घरी आल्या आल्या मी ही बातमी बायकोला मुद्दाम दोनदा ऐकवली.

मुलाने दहा मिनिटांत सगळं चालू करून दिलं. नवं काही विकत घ्यावं लागलं नाही, याचा मला फार आनंद झाला. मग त्याने फोनच्या सेटिंगमध्ये एक पान उघडून दाखवलं आणि तो आनंद ओसरला. काल मी फोन ११८ वेळा उघडला होता. हे कुणीही विचारलेलं नसताना फोन गुपचूप लिहून ठेवत होता. चाळीतल्या खिडकीत बसणाऱ्या काकूंनाही इतकी शिस्त नसते.

आता पावलांचं. फोनच्या पोटात ॲक्सेलरोमीटर नावाचा एक चिमुकला सेन्सर असतो. चालणं म्हणजे काय, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नसतं. त्याला कळतात फक्त हिसके. हिसके एका लयीत येऊ लागले की तो समजतो, गडी चालतोय. मुलाने हे मला सोफ्यावर आडवं पडून, माझाच फोन हातात हलवत समजावलं. त्याचं समजावून संपलं तेव्हा माझ्या खात्यावर २४० पावलं जमा झाली होती. मी ती परत केली नाहीत.

पण यंत्राचा न्याय दोन्हीकडून चालतो. एका रविवारी फोन चार्जिंगला लावून मी जुनी रद्दी आणि मोडकी खुर्ची तीन मजले उतरवली. पाच खेपा झाल्या. वर येऊन धापा टाकत फोन पाहिला तर त्याच्या मते मी सकाळपासून एका जागी बसून होतो. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एक विचित्र कंजूषपणा शिरला. फोनशिवाय टाकलेलं पाऊल म्हणजे पाण्यात गेलेला पैसा. पाणी प्यायला उठायचं तरी आधी फोन खिशात. एकदा फिरायला निघून कोपऱ्यापर्यंत गेल्यावर खिसा चाचपला, फोन घरी राहिलेला. परत गेलो, फोन घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून निघालो. मधली पावलं कुणाच्या नावावर गेली, देव जाणे.

रोजची दहा हजार पावलं हे माझं लक्ष्य होतं. हा आकडा एखाद्या मोठ्या संशोधनातून आला असेल, अशी माझी श्रद्धा होती. मुलाने तीही मोडली. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये व्यायामाचं वारं होतं. १९६५मध्ये तिथल्या एका कंपनीने कमरेला अडकवायचं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं आणि त्याचं नाव ठेवलं 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचा मीटर. नाव खपलं, आकडा चिकटला. म्हणजे मी जवळजवळ साठ वर्षांपूर्वीच्या एका जाहिरातीच्या मागे धापा टाकत होतो.

कळलं, पण वळलं नाही. रात्री ९,३१२ हा आकडा घेऊन झोपायला जाऊन बघा. एका मार्काने नापास झाल्यासारखं वाटतं.

खरी गंमत पुढे आहे. फोन एकच असला तरी त्यात तीन खाती आहेत आणि त्यांचं आपसांत बोलणं नाही. पावलांच्या खात्याचा दिवस रात्री बाराला बंद होतो. झोपेच्या खात्याला मी साडेदहाची वेळ देऊन ठेवली होती. साडेदहा झाले की ते अख्ख्या स्क्रीनचा रंग काढून घेतं. सगळं राखाडी. फोनकडे बघावंसंच वाटू नये, ही त्यामागची कल्पना. तिसरं खातं स्क्रीनच्या वेळेचं. छोटे व्हिडिओ दाखवणाऱ्या ॲपला मी दिवसाला अर्ध्या तासाची मर्यादा घातली होती. ती संध्याकाळी चहाच्या आधीच संपायची, ॲपचं चित्र फिकट व्हायचं, आणि नवा अर्धा तास मिळायचा तो रात्री बाराला. म्हणजे झोप म्हणणारं एक, चाल म्हणणारं दुसरं आणि बारापर्यंत जागा राहिलास तर खाऊ देतो म्हणणारं तिसरं. मी मध्ये अर्ज घेऊन उभा.

त्या रात्रीची गोष्ट सांगतो. अकरा पन्नास. ९,३१२. उरली ६८८. झपझप चाललं तर मिनिटाला शंभरेक पावलं पडतात; सात मिनिटांचं काम. बाहेर कुत्री, म्हणून मी जेवणाच्या टेबलाभोवती फेऱ्या सुरू केल्या. एका फेरीला चौदा पावलं. विसाव्या फेरीला गरगरायला लागलं, म्हणून दिशा बदलली.

बेडरूमचं दार उघडलं.

"काय झालं? छातीत दुखतंय का?"

"नाही. ४०० राहिलेत."

"काय ४००?"

"पावलं."

ती दाराला टेकून थोडा वेळ नुसती बघत राहिली. "अहो, तब्येत सुधारण्यासाठी चाललंय ना हे?"

"बोलायला लावू नकोस, थांबावं लागतं."

"मग चालत चालत बोला."

"चालत चालत बोललं की मोजायचं विसरतो."

"मोजतो फोन. तुम्ही काय मोजताय?"

या प्रश्नाला उत्तर नव्हतं. दार बंद झालं. मी फोन डोळ्यांसमोर धरून वेग वाढवला. राखाडी स्क्रीनवर राखाडी आकडा, चष्मा आत राहिलेला. तेवढ्यात वरून एक सूचना खाली सरकली: चालताना फोनकडे बघू नका, समोर लक्ष द्या. अशीही एक सोय असते. चालता चालता फोन बघणाऱ्यांना ती सावध करते. ती वाचायची तर फोनकडेच बघावं लागतं, एवढी एक बारीकशी अडचण आहे. मी ती वाचत असतानाच टेबलाचा पाय आणि माझी करंगळी एका ठिकाणी आले.

९,९८६.

मी खाली बसून करंगळी धरली. चौदा पावलं म्हणजे एकच फेरी. उठलो, लंगडत दोन पावलं टाकली, तर तो हिसका फोनला चालण्यासारखा वाटला नाही. बारा वाजले. आकडा शून्य झाला. आणि त्याच क्षणी व्हिडिओच्या ॲपचं चित्र पुन्हा ठळक झालं. पाय दुखत असताना माणसाने झोपावं तरी कसं? मी सव्वा वाजेपर्यंत बघितलं. मर्यादा अर्ध्या तासाची असली तरी ती सेटिंगमध्ये जाऊन वाढवता येते. ती घालणारा मीच आणि उठवणाराही मीच.

दुसऱ्या रात्री शहाणपणाने दहालाच दिवा मालवला, फोन उशाशी पालथा ठेवला आणि छताकडे बघत पडलो. झोप येईना. आपल्याला झोप येत नाही हे फोनला कळेल, या धास्तीने हललोही नाही. पहाटे कधीतरी डोळा लागला. सकाळी बघतो तर सात तास पन्नास मिनिटं! फोन काही आपल्या डोळ्यांत वाकून बघत नाही. अंधार आहे, हालचाल नाही, फोन कुणी उचलला नाही, एवढ्यावरून तो अंथरुणातल्या वेळेचा अंदाज बांधतो. छताकडे बघणं त्याच्या लेखी झोपच. पण खरं सांगतो, तो आकडा वाचून मला एकदम ताजंतवानं वाटलं. स्वयंपाकघरात गेलो तर आईने एकदा माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "झोपला नाहीस का रे रात्री?" तिला ना अंधार मोजावा लागला ना हालचाल.

नाडीचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझी फार शोभा नाही. कॅमेऱ्याच्या भिंगावर बोट ठेवलं की प्रत्येक ठोक्यासरशी बोटातल्या रक्तामुळे रंगात जो बारीक फरक पडतो, त्यावरून काही फोन नाडी सांगतात. माझी ८४ आली. स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसाची ६० ते १०० असते, म्हणजे ठीकच. पण ८४ का, या विचाराने पुन्हा मोजली. ९१. घाबरून पुन्हा मोजली. ९७. मग बायकोने फोन काढून घेतला आणि पाच मिनिटांत ती आपोआप उतरली असावी. मोजायला काही साधन नव्हतं.

या सगळ्यात एकच सोय अशी निघाली जिला आकडा, लक्ष्य, शाबासकी काहीच नाही. आणीबाणीची माहिती. रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधं आणि कुणाला कळवायचं ते एकदा भरून ठेवलं की फोनला कुलूप असलं तरी दुसऱ्या माणसाला ते बघता येतं. आम्ही सगळे मिळून भरायला बसलो. रक्तगटावर वीस मिनिटं वाद झाला, शेवटी जुना रिपोर्ट शोधावा लागला. कुणाला कळवायचं, यावर मात्र वाद नव्हता. मुलाने यादीतून नाव निवडलं आणि थबकला.

"बाबा, आईचं नाव 'ही' असं सेव्ह केलंय?"

"मग काय लिहिणार?"

"पण दोन आहेत. 'ही' आणि 'ही नवीन'."

बायकोने मान वळवली. खोलीतली हवा बदलली. 'ही' हा तिचाच जुना, सहा वर्षांपूर्वी बंद झालेला नंबर होता, हे सिद्ध करायला मला तो तिथल्या तिथे स्पीकरवर लावून दाखवावा लागला. मी रस्त्यात पडलो असतो तर लोकांनी आधी तोच फिरवला असता. तिने माझ्या हातून फोन घेतला, जुना नंबर पुसला आणि स्वतःचं संपूर्ण नाव, आडनावासकट, लिहिलं. आडनाव लग्नाआधीचं होतं. मी काही बोललो नाही.

माझ्या आईचा फोन बघायचं मग मुलाच्याच मनात आलं. तिचा फोन दिवसभर फ्रिजवर असतो. आलेखात रोजची चाळीस-पन्नास पावलं. फोन वाजला की कुणीतरी तो फ्रिजवरून उचलून तिच्यापर्यंत नेतं, ती. म्हणजे तीही तिची नव्हेतच. त्या नोंदीप्रमाणे माझी बहात्तर वर्षांची आई गेली तीन वर्षं अंथरुणाला खिळून होती.

दुसऱ्या दिवशी मुलाने तो फोन एका छोट्या पिशवीत घालून आजीच्या कमरेला बांधला. "हे काय लोढणं," म्हणून तिने कुरकुर केली आणि मग विसरून गेली. आम्हीही विसरलो. दुपारी तीनला पिशवीतून टुणटुण आवाज आला. मुलाने फोन काढला. स्क्रीनवर रंगीत कागदाचे कपटे उडत होते.

"आजी, सात हजार दोनशे!"

माझी त्या वेळेपर्यंत १,९०० झाली होती. मुलगा म्हणाला, २०१९मध्ये साधारण आईच्याच वयाच्या सोळा हजारांहून अधिक बायकांचा एक अभ्यास अमेरिकेत आला होता. चालण्याचा फायदा साडेसात हजारांच्या आसपास वाढायचा थांबतो, असं त्यात दिसलं. दहा हजारांची गरजच नाही. त्याने हे आजीला मोठ्या कौतुकाने, सावकाश समजावून सांगितलं.

आईने सगळं ऐकून घेतलं. हातातलं फडकं खांद्यावर टाकलं.

"म्हणजे झालं का माझं?"

"जवळजवळ झालं, आजी."

"मग बसू का आता?"