गुलाम, सत्ती आणि उरलेला बेदाणा

काका, पोकरच्या डावावरच्या माझ्या लेखाला प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत, आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गुलाम सत्तीपेक्षा मोठा, एक्क्यांत इस्पिकचा मोठा, मग मी डाव निम्मा-निम्मा वाटलाच कसा? वर ‘पन्नास वर्षं पत्ते पिसतोय’ ही तंबी!

आधी गुलामाचं. दिवाळीतला गंगापूर रोडच्या गच्चीवरचा तो डाव पुन्हा मांडतो. मधे उघडी पानं पाच: किलवर एक्का, चौकट राजा, किलवर राणी, बदाम नव्वी, इस्पिक नव्वी. भावाच्या हातात इस्पिक एक्का आणि चौकट गुलाम, माझ्याकडे बदामचे एक्का-सत्ती. टेक्सास होल्डेम या पोकरच्या प्रकारात मधली पाच आणि हातातली दोन अशा सात पानांतून सगळ्यांत भारी पाच निवडायची. भावाची पाच कोणती? दोन एक्के, दोन नव्व्या आणि मधला राजा. माझीही तीच. गुलामाला बसायला जागाच उरली नाही! राजा-राणीऐवजी मधे पंजी-तिर्री असती, तर गुलाम पाचवा धरला गेला असता आणि मी सत्तीकडे बघत बसलो असतो. जोड्या सारख्या असताना निकाल लावणाऱ्या या सुट्या पानाला किकर म्हणतात. सहावं पान मात्र कुणी बघत नाही.

आता इस्पिक. ब्रिजमध्ये बोली लावताना इस्पिक वर, मग बदाम, चौकट, किलवर. तुमच्या डोक्यात तोच क्रम असणार. पोकरात डाव कुणाचा हे ठरवताना रंग बघतच नाहीत. सेव्हन कार्ड स्टड या पोकरच्या दुसऱ्या प्रकारात सगळ्यांत लहान उघडं पान असलेल्याला सुरुवातीची सक्तीची रक्कम टाकावी लागते. तिथे दोघांकडे दुर्री आली, तर किलवरवाला पकडला जातो. तेवढ्यापुरतंच. तीन पत्तीत सारखी पानं निघाली की शो मागणारा हरतो, असं बऱ्याच घरी चालतं. तेही इथे आणू नका.

एका मुद्द्यावर मात्र तुम्ही मला बरोबर पकडलंत. पैजेच्या चकत्यांऐवजी, म्हणजे चिप्सऐवजी, आम्ही पिंपळगावचे बेदाणे लावले होते. मधे जमले ३७. अठरा-अठरा वाटून उरला एक. तो पानं वाटणाऱ्याला जातो, असं मी लेखात ठोकून दिलं होतं. चूक माझी. वाटपाच्या बटणापासून (पानं वाटणाऱ्यापुढे ठेवतात ती चकती) डाव्या हाताला मोजत गेलं, की वाटेकऱ्यांपैकी जो पहिला भेटेल त्याचा तो. पानं वाटली होती भावानं आणि त्याच्या डावीकडे बसलो होतो मी, म्हणजे बेदाणा माझाच. लेख दुरुस्त केलाय. बेदाणा भावानं तेव्हाच तोंडात टाकला होता.