तात्या विंचूला अखेर शरीर मिळालं

गेल्या आठवड्यात आमच्या मावशीकडच्या ग्रुपवर एक रील आलं. लक्ष्मीकांत बेर्डे, वय 'झपाटलेला'मधलं, अंगात चौकड्यांचा शर्ट, हातात आजचा मोबाइल, आणि आपल्याला दिवाळीच्या शुभेच्छा देतोय. आवाज जवळपास त्याचाच. मावसभावाच्या पोराने एआयवर अर्ध्या तासात केलं म्हणे. खाली बदाम, टाळ्या, रडके चेहरे. दादाने लिहिलं, "बघा, लक्ष्या आला परत. आता अस्साच घालून नवीन झपाटलेला काढा म्हणावं."

मी लिहिलं, "मला हे बघवत नाही." एवढंच. पण तेवढं पुरलं. तिकडे गेलं की माणसाला सगळ्याचाच त्रास कसा होतो, मेलेल्या माणसाला हसताना बघून चार लोकांना बरं वाटलं तर तुझं काय जातं, वगैरे वगैरे. शेवटी दादाने ठेवणीतलं काढलं: "तू तिकडं बर्फ उपस. लक्ष्या आमचा हाय."

बर्फ पडायला अजून महिना आहे, असं टाइप करून मी खोडलं. खरा टोचला तो 'आमचा'. आपला नव्हे, आमचा.

आता माझी बाजू. मी शिकागोजवळ राहतो आणि चकी, म्हणजे ज्याच्यावरून आपला तात्या विंचू घेतला तो खुनी बाहुला, याच शहरातला. १९८८ च्या 'चाइल्ड्स प्ले'मध्ये चार्ल्स ली रे नावाचा खुनी खेळण्यांच्या दुकानात गोळी लागून मरायला टेकतो, मंत्र म्हणतो आणि बाहुल्यात शिरतो. तो बाहुला सहा वर्षांच्या अँडीच्या घरी येतो. अँडीचं घर म्हणून जी इमारत दिसते ती डायव्हर्सीवरची जुनी ब्रूस्टर. नवीन नोकरीत असताना मी तिथून दोन ब्लॉकवर राहायचो. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक मराठी पाहुण्याला दाखवायचो, "हे तात्या विंचूचं आजोळ." पाहुणे फोटो काढायचे आणि मग विलिस टॉवर कुठेय विचारायचे.

तर त्या अँडीचं काम करणारा अॅलेक्स व्हिन्सेंट. १९९० च्या दुसऱ्या भागातही तोच होता. मग पोरगा मोठा झाला, चकी चालूच राहिला. आणि २०१७ च्या 'कल्ट ऑफ चकी'मध्ये तोच व्हिन्सेंट पुन्हा अँडी म्हणून आला, पस्तिशी ओलांडलेला, दाढीवाला. सिनेमाच्या सुरुवातीला त्याची एक डेट फसते. घरी येऊन तो तिजोरी उघडतो. आत चकीचं तोडलेलं, पण अजून जिवंत असलेलं मुंडकं. ज्याने बालपणाचं वाटोळं केलं त्याच्याशीच हा रात्री बोलत बसतो. हा प्रसंग कुठल्याही मेकअपने किंवा सॉफ्टवेअरने झाला नसता. त्या माणसाच्या तोंडावर मधली सगळी वर्षं दिसत होती, म्हणून झाला.

चकीचा आवाजही तोच, ब्रॅड डुरिफचा. पुढे मालिका निघाली तेव्हा तरुणपणीचा चार्ल्स ली रे दाखवायचा होता. ते काम केलं त्याच्या मुलीने, फियोना डुरिफने. बापाची भूमिका लेकीने, आवाज बापाचा. मी ग्रुपवर लिहिलं, याला म्हणतात वारसा. इथे नटांनी २०२३ मध्ये ११८ दिवस संप केला, एआयने आमची नक्कल करायची तर आम्हाला विचारून, ही त्यातली एक मोठी मागणी. कॅलिफोर्नियाने तर मेलेल्या नटांसाठीही कायदा केला. थोडं मास्तरासारखं लिहिलं हे कबूल.

पुतण्याचं उत्तर दहा मिनिटांत आलं. "काका, 'चाइल्ड्स प्ले ३'मध्ये अँडी बदलला होता ना? आणि २०१९ च्या रिमेकमध्ये चकीचा आवाज मार्क हॅमिलचा. आणि २०२४ च्या 'एलियन: रोम्युलस'मध्ये नट इयन होम कुठून आले? ते २०२० लाच गेले ना? आणि तुम्ही इलिनॉयला राहता ना, कॅलिफोर्नियाचा कायदा तुम्हाला कशाला?"

पोरगा हुशार आहे. होमच्या घरच्यांनी परवानगी दिली होती, असं मी लिहिलं. म्हणजे घरच्यांनी हो म्हटलं तर चालेल का, असं त्याने विचारलं. यावर मला उत्तर सुचलं नाही. मी 'गुड नाइट' लिहिलं. तिकडे सकाळ होती.

पण रात्री पडल्या पडल्या वाटलं, एवढं सगळं अमेरिकेचं सांगायची गरजच नव्हती. उत्तर 'झपाटलेला'मध्येच आहे. तात्या विंचूला काय हवं होतं? लक्ष्याचं शरीर. पिक्चरभर तो बाहुला एवढ्याचसाठी धडपडतो, मंत्र म्हणतो, आणि आम्ही दहा वर्षांची पोरं खुर्चीवर पाय वर घेऊन ओरडत होतो, 'लक्ष्या पळ!' १९९३ साली इन्स्पेक्टर महेश जाधवने भुवयांच्या मधोमध गोळी घालून जे होऊ दिलं नाही, ते आता माझ्या पुतण्याने अर्ध्या तासात करून दाखवलं. आणि आपण बदाम टाकतोय. २०१३ मध्ये 'झपाटलेला २' आला तेव्हा लक्ष्या नव्हता. कथा त्याच्या मुलाची केली, तात्या विंचू म्हणून दिलीप प्रभावळकर परत आले. पिक्चर पहिल्याची सर नसलेला, पण रिकामी जागा रिकामी ठेवली होती. मला ते सभ्य वाटलं.

हे मात्र ग्रुपवर लिहिलं नाही. कारण माझा स्वतःवरच नीट भरवसा नाही. मागच्या हॅलोविनला लेकीला हौसेने 'झपाटलेला' दाखवला. शेजाऱ्याच्या लॉनवर तो बारा फुटी सांगाडा उभा, दारात कँडीचा टब, आणि आत आम्ही दोघं. ती वीस मिनिटांनी म्हणाली, "बाबा, धिस इज जस्ट चकी." मी इतका चिडलो की बायको किचनमधून बाहेर आली. आपल्याकडे हिरो स्वतःच बोलक्या बाहुल्यांचा खेळ करणारा आहे, चकीत आहे का तसं? रामदास पाध्यांनी केलेला बाहुला आहे तो, माहितीये का कोण ते? तिला माहीत असायचं काही कारण नव्हतं. आणि ती म्हणत होती ते खोटंही नव्हतं. ऐन दिवाळीत सांगलीला गेलो की मी दादाशी असाच भांडतो, ते दुकान का पाडलं, तो रस्ता का रुंद केला, भेळवाल्याच्या मुलाने चव का बदलली. तिथे कुणी म्हातारं झालेलं, बदललेलं मला चालत नाही. आणि रील मात्र बघवत नाही म्हणतो. बघवत नाही म्हणून आवाज बंद करून चार वेळा बघितलंय.

दादाला एक गोष्ट माहीत नाही. २००४ च्या ऑगस्टमध्ये मी इकडे आलो. डिसेंबरात पहिल्या सेमिस्टरच्या फायनल्स चालू होत्या, तीन रात्री झोप नव्हती. पाच डॉलरच्या कॉलिंग कार्डावर घरी फोन लावला. आई म्हणाली, "लक्ष्या गेला रे."

मी म्हटलं, "कोण लक्ष्या?"

चार महिने झाले होते मला इकडे येऊन. चारच. तिकडून काही आवाज येईना, मला वाटलं लाइन कटली. मध्येच कार्डातली बाई एक मिनिट उरल्याचं सांगून गेली.

"अरे," आई म्हणाली, "आपला लक्ष्या."